डेलबर्टने चरबी लावली होती

मर्ल स्टकीचा उजवा अंगठा मेला होता. हे फक्त त्यालाच माहीत होतं.

चुनखडीच्या खाणीत अडतीस वर्षं हवेच्या दाबावरचा थरथरता ड्रिल धरला की असं होतं. आधी बोटांची टोकं थंडीत पांढरी पडतात. मग मुंग्या येतात. मग मुंग्याही येईनाशा होतात. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत मर्लला शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. त्याने टिचबटणांचे शर्ट घ्यायला सुरुवात केली. त्याच्या बायकोने, वॉनिटाने, कारण विचारलं.

"म्हातारपणी काउबॉय व्हायचंय," तो म्हणाला.

ती हसली आणि विषय संपला.

अंगठ्याला महत्त्व होतं, कारण मर्ल गोळ्या ओतायचा. बक क्रीकच्या क्लबात पंचवीस-तीस माणसं होती आणि सगळी त्याच्याच गोळ्या वापरायची. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती टेकड्यांच्या बेचक्यात जमायची. दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्वरांच्या, इटलीत घडवलेल्या नकला घेऊन चांदमारी करायची. ही ठासणीची रिव्हॉल्वरं. त्यांत काडतूस नसतं. चकरीच्या एकेका घरात काळी दारू मोजून ओतायची. वर शिशाची गोळी ठेवायची. नळीखालचा दांडा खेचून ती आत ठासायची. तोंडावर चरबी आणि मेणाचा लेप द्यायचा. मागून तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. घरं सहा, पण भरायची पाच. घोडा रिकाम्या घरावर टेकलेला. एवढं करून पाच बार. घाई असलेल्या माणसाने इकडे फिरकूच नये.

गोळी घरापेक्षा केसभर मोठी असते. ठासताना तिच्या कडेचं शिसं सोलून निघतं, बारीक अंगठीसारखं. हे कडं अखंड निघालं की समजायचं, गोळी घट्ट बसली. शेजारच्या घराची आग आत शिरणार नाही. त्यासाठी शिसं शुद्ध लागतं, मऊ लागतं. आणि मऊ शिसं ओळखायला अंगठ्याचं नख पुरतं. नख ओढायचं. चर पडली तर ठीक. नख घसरलं तर ते शिसं बाजूला.

मर्लने चाळीस वर्षं असंच केलं. जुने नळ, चर्चच्या छपराचे पत्रे, मोडलेल्या दवाखान्याच्या एक्स-रे खोलीच्या भिंतीतलं अस्तर, जे मिळेल ते तो वितळवून लगडी करून ठेवायचा. टायरवाला त्याला चाकांचा तोल साधायला लावायची शिशाची जुनी वजनंही द्यायचा. त्यांत भेसळ असते, ती कडक. त्यांच्या तो मासेमारीच्या गळांसाठी गोट्या ओतायचा. दोन्ही लगडी दिसायला एकसारख्या. शुद्ध उजव्या फळीवर, भेसळीच्या डाव्या फळीवर.

एका मार्चमध्ये फळ्या कोसळल्या. मर्लने सगळ्या लगडी एका बादलीत गोळा केल्या. नखाने ओळखीन, असं त्याला वाटलं.

चूक इतकीच होती.

*

डेलबर्ट नॉरिस हा क्लबातला त्याचा सगळ्यात जुना मित्र. एकतीस वर्षं त्याने गावाबाहेरच्या रस्त्यांवर टपाल वाटलं. चारशे बारा पेट्या. कुठल्या पेटीचं झाकण अडकतं, कुठल्या पेटीत मार्चमध्ये चिमण्या घरटं करतात, कोणाच्या मुलाचं पत्र येणं कोणत्या वर्षी थांबलं, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. बायको गेल्यावर तो एकटाच राहायचा, नीटनेटका. गाव त्याला वाढदिवस विचारायचं. लोक स्वतःच्या बायकोचा वाढदिवस त्याला विचारायचे.

सत्तरी ओलांडल्यावर त्याचा हात थोडा कापायला लागला. क्लबाने त्याला दोन हातांनी धरायची परवानगी दिली. मर्लने या परवानगीवरून त्याला वर्षभर छळलं.

"पुढच्या वर्षी काय, खुर्ची आणि उशी?"

"खुर्ची चालेल," डेलबर्ट म्हणायचा. "उशी तू ठेव. तुझा नेम बघताना मला झोप येते, तेव्हा दे."

जुलैतल्या त्या शनिवारी ऊन फार होतं. बाकावर ठेवलेल्या डब्यांतली चरबी पातळ झाली होती. डेलबर्ट आपल्या लाकडी पेटीशी वाकून ठासत होता. त्याने दांडा दोनदा खेचला.

"मर्ल, तुझ्या गोळ्या या खेपेला कडक आहेत."

"गोळ्या त्याच आहेत. तुझे दंड मऊ झालेत."

"कडं तुटून निघतंय रे. बघ की."

"चष्मा पूस."

"पुसलाय."

"मग आता तो डोळ्यांवर घाल."

बाकावरची माणसं हसली. डेलबर्टही हसला. मर्ल त्या दिवशी मैदानाचा कॅप्टन होता, गेली अकरा वर्षं तोच होता. त्याला नेमाच्या पाट्या तपासायच्या होत्या. त्याने कडं पाहिलं नाही.

डेलबर्टचे पहिले दोन बार नीट गेले. तिसऱ्या वेळी एकाऐवजी दोन आवाज आले, एकमेकांत मिसळलेले. धूर पांढरा आणि दाट होता. तो विरेपर्यंत कोणाला काही दिसलं नाही. मग डेलबर्ट दिसला. तो उभाच होता. त्याने रिव्हॉल्वर सांभाळून बाकावर ठेवलं, नळी टेकडीकडे करून, नियमाप्रमाणे. आणि मग डाव्या हाताकडे पाहिलं. तर्जनीची दोन पेरं नव्हती.

शेजारच्या घरातली गोळीही त्याच क्षणी सुटली होती. असं होतं कधीकधी. गोळीच्या कडेने आग आत गेली, तर होतं. आणि सगळ्यांना एकच कारण ठाऊक असतं: चरबी लावायची राहिली.

क्लबाचा अध्यक्ष डॅरिल कूट्स डेलबर्टचा हात टॉवेलात गुंडाळत होता. "डेल, चरबी लावली होतीस ना?"

"लावली."

कोणीतरी चरबीचा डबा उचलून दाखवला. झाकण घट्ट लागलेलं होतं. चकरीतलं उरलेलं एकच भरलेलं घर पाहिलं. त्याच्या तोंडावर चरबी नव्हती.

पहिल्याच बाराच्या झोताने शेजारच्या घरांवरची चरबी उडते. उरलेली त्या उन्हात वाहून जाते. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि डेलबर्ट झाकण लावतोच, माश्यांमुळे, हेही. पण त्या वेळी ते कोणाला आठवलं नाही. डेलबर्टशेजारी नेहमी उभी राहणारी फर्न काहीतरी बोलायला गेली. मग गप्प बसली.

डॅरिलच्या ट्रकमध्ये बसताना डेलबर्ट म्हणाला, "लावली असणार."

दवाखान्यात, भूल उतरल्यावर, त्याने मर्लला हाताने जवळ बोलावलं. "मर्ल, मला माहीत नाही रे. मी हात डोळ्यांसमोर आणतो. काडी डब्यात जाते तिथपर्यंत दिसतं. पुढे कुठल्या शनिवारचं दिसतंय ते कळत नाही."

*

काळ्या दारूचं हत्यार त्याच दिवशी धुवावं लागतं. एक दिवस जरी राहिलं तरी नळी गंजते. माणूस आजारी असो, कोणी वारलेलं असो, हत्यार धुतलंच पाहिजे. डेलबर्टला ते जमणार नव्हतं. मर्ल त्याची पेटी घरी घेऊन आला.

वॉनिटाने मोरीत गरम पाणी सोडलं, भांड्यांचा साबण घातला आणि खिडकी उघडली. जळलेल्या दारूचा सडक्या अंड्यांसारखा वास तिला चाळीस वर्षांत आवडला नव्हता. ती बाहेर गेली.

मर्लने पेटी उघडली. तळाशी फ्लॅनेलचं फडकं होतं. त्यावर ठासताना पडलेलं शिसं. कडी नव्हती. तुकडे होते, चंद्रकोरीसारखे, काही टोकदार. शेजारी आइसक्रीमची काडी, जिने डेलबर्ट चरबी लावायचा. ती ताज्या चरबीने ओली होती. तिच्या टोकाला पाच वेळा घराच्या कडेवर पुसल्याच्या पाच काळ्या रेघा होत्या.

त्याने पेटीतल्या गोळ्यांच्या डब्यातली एक गोळी घेतली. गाडी उभी करायच्या छपराखाली गेला आणि ती सिमेंटवर टाकली. शुद्ध शिसं थप्प पडतं. ही टण्ण वाजली. त्याने दुसरी टाकली. मग तिसरी.

मग त्याने गोळीवर अंगठ्याचं नख ओढलं. काहीच लागलं नाही. त्याने गोळी डोळ्यांजवळ नेली. चर नव्हती. नख घसरत होतं, आणि घसरतंय हे त्याला कळत नव्हतं.

तो आत आला. रिव्हॉल्वर सुटं केलं. चकरी धुतली, नळी धुतली, वाकलेला दांडा धुतला. तेल लावलं. फडकं झटकलं. काडी धुतली. सगळं जिथल्या तिथे ठेवलं.

आठवड्याने त्याने ती पेटी डेलबर्टला नेऊन दिली.

"एवढं चकचकीत तर मीही ठेवत नाही," डेलबर्ट म्हणाला. त्याच्या मुलीने, रोंडाने, मर्लच्या हातात पीच भरून भाजलेला गोड पाय ठेवला. मर्लने तो घरी आणला आणि खाल्ला.

सांगायचं त्याच दिवशी होतं. पण रोंडा तिथेच बसून होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग क्लबाची बैठक आली.

त्याआधी मर्लने एक केलं. सगळ्यांना फोन करून सांगितलं, साचा बिघडला होता, या खेपेच्या गोळ्या परत आणा, बदलून देतो. लोकांनी आणल्या. डॅरिल म्हणाला, "गोळीत केसाचा फरक पडला म्हणून परत मागवणारा माणूस आता मिळतो का कुठे?"

बैठकीत डॅरिलच बोलला. डेलबर्टचं वय झालंय. आपल्या सगळ्यांचंच होणार आहे. पण बार करायच्या रेषेवर शेजारी माणसं उभी असतात. त्याला गुण मोजायला बसवू. कोणाची हरकत?

मान्य असणाऱ्यांनी हात वर करायचे होते. मर्लने डेलबर्टच्या बाजूला पाहिलं नाही. त्याने हात वर केला.

डेलबर्टही तिथेच होता. त्याने स्वतःही हात वर केला होता, पट्टी बांधलेला.

*

बार सुरू होण्याआधी कॅप्टन सगळ्यांना उभं करून सुरक्षेचे चार शब्द सांगतो. ही रीत आहे. पाच घरं, सहा नाही. टोपी रेषेवर आल्यावरच. बार झाला नाही तर तीसपर्यंत मोजा, नळी पुढेच. आणि चरबी.

चरबीपाशी आल्यावर काहीतरी उदाहरण द्यावं लागतं. ऑगस्टमध्ये मर्ल तिथे अडखळला. मागून कोणी म्हणालं, "डेलचं सांग." त्याने सांगितलं. सप्टेंबरमध्ये न विचारता सांगितलं. नोव्हेंबरपर्यंत ते घडीव झालं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्याला जमलं. "आपल्यातल्या सगळ्यात दांडग्या डोक्याचा माणूस," तो म्हणायचा. "चारशे बारा पेट्या पाठ. एक डबा उघडायचा राहिला." तिथे नवी माणसं हसायची.

डेलबर्ट दोनदा गुण मोजायला आला. दुसऱ्या वेळी त्याने हे ऐकलं. मान हलवली. नंतर आला नाही.

तो बदलला. एकदम नाही. आधी त्याने ट्रक विकला. रोंडाने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं. म्हणाला, वयाच्या मानाने छान आहे. डेलबर्टने ते ऐकून घेतलं. गाव त्याला वाढदिवस विचारायचं थांबलं नाही. पण तो आता म्हणायचा, "मला विचारू नका, कॅलेंडर बघा."

मर्ल दर आठवड्याला त्याच्याकडे जायचा. एकही आठवडा चुकवला नाही. कॉफी प्यायचा, हवेचं बोलायचा आणि परत यायचा. परतताना दर वेळी ठरवायचा, पुढच्या आठवड्यात.

चौदा महिने गेले.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी वॉनिटा फोन ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आली. शेगडीवर घेवडा शिजत होता.

"रोंडाचा होता. डेलबर्ट घर विकतोय. वृद्धाश्रमात जायचं म्हणतो. उद्या सह्या आहेत."

"कोण पाठवतंय त्याला?"

"कोणी नाही. तोच हट्ट धरून बसलाय. म्हणे, एक दिवस मी शेगडी चालू ठेवून झोपेन आणि शेजाऱ्यांनाही जाळीन. ती बिचारी रडत होती. म्हणाली, डॅडींना एवढं काहीच झालेलं नाही हो, पण त्यांना ते पटतच नाही."

मर्ल खुर्चीत बसला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. बादलीपासून.

वॉनिटा उभीच होती. सांगून झाल्यावर तिने त्याचा उजवा हात उचलला आणि अंगठा दोन बोटांत धरून दाबला. चांगलाच दाबला.

"लागतंय?"

"नाही."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस."

त्याने हात मागे घेतला.

"जा," ती म्हणाली.

"जेवून जातो."

"मर्ल. जा."

*

डेलबर्टच्या घरात खोकी होती. एकावर एक, प्रत्येकावर आत काय आहे ते लिहिलेलं. चिठ्ठ्या सगळीकडे होत्या. दाराला: किल्ली. नळाला: बंद? शेगडीला: बंद केलीस का? पुन्हा बघ. अक्षर त्याचं होतं, टपालखात्यातलं, सरळ आणि वाचायला सोपं.

"कॉफी?"

"नको."

"नको म्हणजे बसतोस, की नको म्हणजे जातोस?"

"बसतो."

ट्रकमध्ये त्याने खूप काही जुळवलं होतं. तोंडातून ते त्या क्रमाने आलं नाही.

"डेल, तू चरबी लावली होतीस."

डेलबर्ट कपात चमचा फिरवत होता. तो फिरवत राहिला. "काय?"

"त्या जुलैत. पाचही घरांना लावली होतीस. काडी ओली होती, मी पाहिली. गोळ्या कडक होत्या. चाकांच्या वजनांचं शिसं होतं ते. तू मला म्हणालास, कडं तुटतंय. माझा अंगठा मेलाय, डेल. नखाखाली काय लागतंय ते मला कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. मी कोणाला सांगितलं नाही."

सगळं सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

डेलबर्टने चमचा बशीत ठेवला. "तुला कधी कळलं?"

येताना मर्लने याचं उत्तर तयार केलं होतं. गेल्या महिन्यात. बादली साफ करताना. ते उत्तर जिभेवर होतं.

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "धुताना."

बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. यंत्राचा आवाज जवळ आला आणि लांब गेला.

"मी तुझे आभार मानले होते," डेलबर्ट म्हणाला. "चकचकीत करून आणलंस म्हणून."

"हो."

"रोंडाने पाय दिला होता."

"पीचचा."

"खाल्लास?"

"हो."

डेलबर्टने मान हलवली, जणू एवढंच तपासायचं होतं. मग उठला, शेगडीपाशी गेला आणि बटणांवरून हात फिरवला. डाव्या हाताला तर्जनीच्या जागी बुटका गोळा होता. परत येऊन बसला.

"डॉक्टर सांगत होता, ठीक आहे म्हणून. तीनदा सांगितलं त्याने. मी म्हटलं, त्याला काय माहीत, त्याने माझी चकरी पाहिली नाही." तो थांबला. "ट्रक विकला मी, मर्ल. ट्रक होता माझा."

"मी—"

"तू गप्प बस जरा."

डेलबर्टने थंड झालेली कॉफी संपवली.

"उद्याच्या सह्या सोमवारवर ढकलतो," डेलबर्ट शेवटी म्हणाला. "परवा शनिवार आहे. मी येईन. मागे उभा राहीन. तू सगळ्यांना सांगायचं. आणि हसवायचं नाही."

*

शनिवारी चोवीस माणसं होती. मर्लने पाच घरांचं सांगितलं, टोपीचं सांगितलं, तीसपर्यंत मोजायचं सांगितलं. मग चरबीपाशी आला.

"चरबीच्या जागी मी वर्षभर तुम्हाला एक गोष्ट सांगतोय. ती खोटी आहे." आणि त्याने खरी सांगितली. आवाज कुठे खाली आणायचा हे त्याला या वेळी सुचलं नाही. शेवटी दंडावरची कॅप्टनची पट्टी सोडवायला गेला, तर बोटांना गाठ सापडेना. डॅरिलने पुढे होऊन ती सोडवली आणि हातातच धरून उभा राहिला.



मग फर्न बोलली. तिचं वय पंचाहत्तर. "मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तो चरबी लावत होता. माझ्या शेजारीच होता ना. पण तुम्ही सगळे डबा घेऊन उभे. मला वाटलं, मी आधीच्या फेरीचं सांगतेय की काय." तिने मागे वळून पाहिलं. "डेल, मला वाटलं माझंच डोकं चालत नाही."

"ठीक आहे, फर्न," डेलबर्ट म्हणाला.

डॅरिलने स्वतःचं रिव्हॉल्वर डेलबर्टपुढे ठेवलं. दारू, गोळ्या, चरबीचा डबा, सगळं मांडून दिलं. गोळ्या दुसऱ्या गावाहून मागवलेल्या होत्या. डेलबर्टने नको म्हटलं. मग सगळे बघताहेत म्हणून असेल, पुढे झाला.

त्याचे हात विसरले नव्हते. एक बोट कमी असून दारू सांडली नाही. कडी निघाली, पाचही अखंड, आणि बाकावर पडली. त्याने काडीने चरबी लावली. एक, दोन, तीन, चार, पाच. काडी ठेवली.

मग त्याने चकरी फिरवून पहिलं घर पाहिलं. दुसरं पाहिलं. पाचवं पाहिलं. पुन्हा पहिलं. फडक्याने पहिल्या घरावरची चरबी पुसली आणि परत लावली.

"लावलीस, डेल," फर्न हळूच म्हणाली. "पाचही."

"हो ना," तो म्हणाला. आणि पुन्हा पहिल्या घरापासून बघायला लागला.

डॅरिलने रेषेला तयार व्हायला सांगितलं. टोप्या चढल्या. बार सुरू झाले. धूर बाकांवरून मागे आला. डेलबर्टचं रिव्हॉल्वर त्याच्यापुढे तसंच होतं. त्याची नजर अजून चकरीवर होती.

फेरी संपली. भरलेलं रिव्हॉल्वर तसंच घरी नेता येत नाही. गोळी ठासून बसलेली असते, ती बार करूनच बाहेर काढावी लागते. डेलबर्टने नळी टेकडीकडे ठेवली आणि बाजूला सरकला.

"मर्ल," तो म्हणाला, "तेवढं रिकामं कर."

मर्ल पुढे झाला. टोप्या फर्नने चढवून दिल्या. त्याने घोडा चढवला, अंगठ्याने, डोळ्यांनी बघत. पाच बार केले मातीच्या बांधावर. पाचही स्वच्छ गेले, एकेक.

त्याने वळून पाहिलं. डेलबर्ट गाड्यांकडे चालला होता. रोंडाने दार उघडून धरलं होतं.

*

सोमवारी सकाळी मर्लने फोनजवळ खुर्ची ओढून घेतली. वॉनिटाने त्याला तिथून उठवलं नाही, आणि तीही कुठे गेली नाही. फोन साडेअकराला वाजला. तिनेच घेतला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती.

"सह्या केल्या त्याने," फोन ठेवून ती म्हणाली.

"रोंडाने सांगितलं नाही का त्याला, की आता गरज नाही?"

"सांगितलं. तो म्हणाला, मला कळतंय, रोंडा. माझं डोकं ठीक होतं, हे मला कळलंय. पण आज सकाळी मी शेगडी चारदा पाहिली. हे काही मर्लच्या सांगण्याने जायचं नाही."

मर्लने हात गुडघ्यांवर ठेवले.

"अजून काही?"

वॉनिटा खिडकीकडे बघत होती. "तुला निरोप दिलाय. मर्लवर माझा राग नाही, त्याला सांग, असं म्हणाला."

"असं म्हणाला?"

"ऑफिसातून निघताना म्हणाला." ती थांबली. "मग गाडीत बसल्यावर तिला विचारलं, मी तुला मर्लचं सांगितलं का गं? ती म्हणाली, सांगितलंत, डॅडी. घरी पोचेपर्यंत त्याने अजून दोनदा विचारलं."